ऐकू येणारे आवाज आणि ते ऐकून घेणारी माणसे

वाचकहो, एका प्रश्नापासून सुरुवात करू. प्रश्न विचारणारी बाई नेदरलँडची. नाव पॅट्सी हाखे. ज्यांना विचारला ते मारियुस रोमे, मास्ट्रिख्ट शहरातल्या विद्यापीठात सामाजिक मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक. काळ 1980 नंतरचा. बाईंना आवाज ऐकू येत. आजूबाजूला कोणी बोलत नसताना कोणीतरी बोलते, हे कर, ते करू नकोस असे दटावते, ठायीठायी अडवते. औषधांनी जिवाची घालमेल कमी झाली होती, पण आवाज थांबले नव्हते. शिवाय गोळ्यांनी डोके जड होई आणि बुद्धीची धार बोथट होई, ते वेगळेच. बाईंच्या बोलण्यात मरणाचा विषय वारंवार येऊ लागला होता.

एके दिवशी त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारले. त्याचा आशय असा : तुम्ही लोक देव मानता. तो तुम्हाला दिसत नाही, त्याचा शब्द तुमच्या कानावर पडत नाही, तरी मानता. मग मला जे आवाज प्रत्यक्ष ऐकू येतात, ते तुम्ही का मानत नाही?

उठताबसता नाम घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न जरा जास्तच लागतो. डॉक्टर रोम्यांनाही तो लागला. उत्तर त्यांच्याजवळ नव्हते, आणि मोठेपणा हा की त्यांनी उसने उत्तर दिले नाही.

त्या वेळी हे किती अवघड होते, ते ध्यानात यावे म्हणून थोडे मागे जावे लागेल. स्वित्झर्लंडचे ब्लॉयलर यांनी 1911 मध्ये स्किझोफ्रेनियावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यानंतर आवाज ऐकू येणे आणि हा आजार यांची गाठ पक्की होत गेली. 1950 नंतर औषधे आली. त्यांनी अनेकांना खरोखर आराम दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याच काळात एक रीतही पडली. आवाज येतात का, एवढे विचारायचे. हो म्हटले की कागदावर खूण करायची आणि पुढे जायचे. आवाज काय म्हणतात, कोणाचे वाटतात, पहिल्यांदा कधी आले, हे विचारणे व्यर्थ, किंबहुना घातक मानले जाई. बोलत बसलात तर भ्रमाला खतपाणी मिळते, अशी शिकवण होती. रुग्णाने विषय काढला तर परिचारिकांनी तो दुसरीकडे वळवायचा. म्हणजे ज्याने माणसाचे सारे आयुष्य व्यापले आहे, नेमके तेच त्याने बोलायचे नाही.

पॅट्सीबाईंच्या हाती याच सुमारास एक पुस्तक आले होते. जुलियन जेन्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ते 1976 मध्ये लिहिले होते. फार प्राचीन काळी सगळ्याच माणसांना निर्णयाच्या क्षणी आवाज ऐकू येत आणि ते त्यांना देवाज्ञा मानीत, असे त्याचे म्हणणे. हा सिद्धान्त विद्वानांनी मान्य केलेला नाही, आणि मलाही तो ओढूनताणून बसवलेला वाटतो. पण बुडत्याला आधार देणारी काठी तुळशीचीच असावी लागते असे नाही. आपल्याला होते ते कधीकाळी माणसाचे नेहमीचेच होते, या नुसत्या विचाराने बाईंना धीर आला. रोम्यांनी ते पाहिले आणि त्यांच्या मनात आले की हिचे बोलणे दुसऱ्या आवाज ऐकणाऱ्यांनीही ऐकावे.

त्यांनी तशा भेटी घडवल्या. दोघे आवाज ऐकणारे समोरासमोर बसत, बाजूला प्राध्यापक. त्या दोघांना एकमेकांचे चटकन समजे आणि प्राध्यापकांना मात्र बोलण्याचा धागा पकडताना कष्ट पडत. आपल्याकडे म्हण आहे, ज्याचे जळते त्यालाच कळते. तिचा पडताळा विद्यापीठातल्या माणसाला असा स्वतःच्या खोलीत आला. पण एक अडचण उरलीच. समजून घेणारे भेटले, तरी आवाजांशी कसे वागायचे हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. सगळेच त्या पुराच्या अलीकडे उभे. उतरून पलीकडे गेलेला कोणी हवा होता.

तो शोधायला दोघे 1987 मध्ये डच दूरदर्शनवरच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात गेले. बाईंनी आपले सांगितले आणि प्रेक्षकांना आवाहन झाले की ज्यांना आवाज ऐकू येतात त्यांनी कळवावे. सुमारे 700 जणांनी प्रतिसाद दिला. त्यांतले 450 आवाज ऐकणारे होते. या 450 पैकी 300 जण म्हणाले, आम्हाला हे झेपत नाही. आणि 150 म्हणाले, आम्हाला झेपते.

वाचकहो, या दुसऱ्या आकड्यापाशी क्षणभर थांबा. रोम्यांना तोवर भेटलेले सारे आवाज ऐकणारे रुग्ण होते, कारण दवाखान्यात रुग्णच येतात. हे 150 जण संसार करत होते, नोकऱ्या करत होते. त्यांतल्या कित्येकांनी मनोविकारतज्ज्ञाचे दार कधी पाहिले नव्हते. ज्या शास्त्राने केवळ बुडालेले मोजले, त्याला पोहणारे असतात हे ठाऊकच नव्हते. 31 ऑक्टोबर 1987 रोजी उट्रेख्ट शहरात या लोकांचा मेळावा भरला. आपला अनुभव नीट मांडू शकणाऱ्या वीस जणांना बोलायला निवडले होते. व्यासपीठावर आवाज ऐकणारे आणि श्रोत्यांत तज्ज्ञ, अशी उलटी मांडणी त्या विद्येच्या इतिहासात क्वचितच झाली असेल.

तसे पाहिले तर निरोग्यांनाही आवाज येतात ही गोष्ट पूर्वी एकदा हाती लागली होती. इंग्लंडात हेन्री सिजविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 17,000 लोकांना एकच प्रश्न विचारला होता : पूर्ण जागे असताना, समोर काही नसताना, तुम्हाला कधी काही दिसले, ऐकू आले वा स्पर्श झाला का? जवळजवळ दहांतला एक हो म्हणाला. तो अहवाल 1894 मध्ये छापला गेला आणि बाजूला पडला. पुढे 1971 मध्ये डेवी रीस या वेल्समधल्या डॉक्टरांनी आपल्या भागातल्या सुमारे 300 विधवा-विधुरांना विचारले. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा काही ना काही भास होत असे, आणि शंभरांतल्या तेरांना त्याचा आवाज ऐकू आलेला. बहुतेकांनी ते कोणालाही सांगितलेले नव्हते. आपल्या घरातल्या एखाद्या आजीला विचारून पाहा. सांगेलच असे नाही.

रोम्यांच्या कामात बरोबरीचा वाटा सँड्रा एशर या बाईंचा, आणि मला या कथेत त्या फार महत्त्वाच्या वाटतात. त्या डॉक्टर नव्हत्या, पत्रकार होत्या. पत्रकाराला जे नैसर्गिक ते त्यांनी केले : ज्याला ठाऊक आहे त्यालाच विचारले. दोघांनी मिळून मुलाखतीची एक पद्धत घडवली. ती आता मास्ट्रिख्टच्या नावाने ओळखली जाते. आवाज किती? पुरुषाचे की बाईचे? वय काय वाटते? कोणासारखे बोलतात? दिवसाच्या कोणत्या वेळी येतात? पहिल्यांदा आले तेव्हा घरात काय चालले होते? कशाने वाढतात, कशाने उतरतात? तुम्ही उलट बोलता का? मग ते काय करतात? एवढी साधी विचारपूस. पण पुष्कळांना असे पहिल्यांदाच कोणी विचारत होते.

या विचारपुशीतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर आली. बहुसंख्यांचे आवाज एखाद्या मोठ्या आघातानंतर सुरू झाले होते. कोणाचे जिवलग गेले होते, कोणाला मारझोड झाली होती, कोणावर लहानपणी अत्याचार झाला होता. आवाजांचे बोलणे वरवर असंबद्ध, पण त्या दुःखाशी त्याचे नाते होते. पुढे एशरबाईंनी आवाज ऐकणाऱ्या 80 मुलांचा तीन वर्षे मागोवा घेतला. त्या काळात साठ टक्के मुलांचे आवाज थांबले. मूल घाबरून आईबापांना सांगते आणि आईबाप त्याहून घाबरतात, अशा घरात हा आकडा पोचायला हवा.

नेदरलँडमध्ये लागलेला दिवा समुद्र ओलांडून इंग्लंडात गेला. मँचेस्टरला 1988 मध्ये आवाज ऐकणाऱ्यांचा पहिला गट जमू लागला. त्यातूनच तिथली 'हिअरिंग व्हॉइसेस नेटवर्क' ही संघटना उभी राहिली. त्यांनी आपल्याला रुग्ण म्हणवून घेणे सोडले. आम्ही 'आवाज ऐकणारे', बस. नाव बदलल्याने दुःख जात नाही, हे खरे. पण नाव कोणी ठेवायचे, हा हक्क मात्र परत हाती येतो.

या गटांत काय चालते, ते सांगितले पाहिजे. आठवड्यातून वा पंधरवड्यातून एकदा, एखाद्या सार्वजनिक सभागृहाच्या खोलीत, आठदहा खुर्च्या गोल मांडलेल्या. चहा. कोणी कोणाला निदान विचारत नाही. आवाज पितरांचे, देवाचे, मेंदूतल्या रसायनांचे की जुन्या जखमेचे, ज्याने त्याने आपापले मानावे. दुसऱ्याची श्रद्धा खोडून काढायची नाही, हा नियम. दिंडीत चालताना शेजारच्याला जात, हुद्दा, उत्पन्न विचारत नाहीत, तो चालतो आहे एवढे पुरते. तसेच काहीसे. मग बोलता बोलता युक्त्या निघतात. कोणी सांगतो, मी आवाजांना वेळ ठरवून दिली आहे, संध्याकाळी अर्धा तास तुमचे ऐकेन, आता कामात आहे. आणि पुष्कळदा आवाज चक्क वाट पाहतात. कोणी वहीत लिहून ठेवते. कोणी रस्त्यात उत्तर द्यायची वेळ आली की कानाला मोबाईल लावते. आता तर निम्मे गाव एकटेच बोलत चाललेले असते, कोण बघतो!

अशाच मँचेस्टरच्या गटात 1991 मध्ये रॉन कोलमन नावाचा धिप्पाड माणूस येऊन बसला. स्कॉटलंडमधल्या डंडीचा. लहानपणी चर्चच्या एका पाद्र्याने त्याच्यावर अत्याचार केले होते. पुढे जिच्यावर जीव जडला ती सखी अकाली गेली. मग आवाज सुरू झाले, आणि दहा वर्षांच्या आसपास तो मनोरुग्णालयाच्या आतबाहेर करत राहिला. डोळे जमिनीकडे, बोलणे नाही. एका कार्यकर्तीने आग्रह करून त्याला गटात नेले. तिथे आवाज ऐकणाऱ्याच एका बाईने त्याला विचारले, तुला आवाज येतात का? तो हो म्हणाला. ती म्हणाली, ते खरे आहेत. कोलमनने पुढे सांगितले आहे की आपले बरे होणे त्या चार शब्दांपासून सुरू झाले.

'खरे' म्हणजे काय, असा तर्क इथे कोणी करील. बाईचे म्हणणे एवढेच होते की तू खोटे बोलत नाहीस. कोलमनच्या आवाजांत एक त्या पाद्र्याचा होता, तुझीच चूक होती म्हणून छळणारा. एक त्या गेलेल्या सखीचा. पहिल्याशी झुंजताना कोलमनला उमगले की चूक त्या लहान मुलाची नव्हतीच. दुसऱ्याशी बोलताना तो ते दुःख रडला, जे त्याने कधी रडून घेतले नव्हते. आवाज पुरते गेले नाहीत, पण मालक बदलला. हाच माणूस पुढे त्या संघटनेचा राष्ट्रीय समन्वयक झाला, देशोदेशी शिकवत फिरला. पत्नी कॅरन टेलर स्वतः मनोविकार-परिचारिका. दोघांनी मिळून बरे होण्याविषयीच्या प्रशिक्षणाचे काम उभे केले.

त्याच्या नंतरच्या पिढीत एलेनॉर लाँगडेन. लीड्स विद्यापीठात शिकत असताना तिला पहिला आवाज आला. शांत, कोरडा : ती खोलीतून बाहेर पडत आहे, ती दार उघडत आहे. त्रास काहीच नव्हता. उलट मन दाबून ठेवलेल्या एका मुलीला तो सोबतीसारखा वाटू लागला होता. तिने मैत्रिणीला सांगितले आणि मैत्रीण भेदरली. तिथून दवाखाना, तिथून निदान, आणि मग आवाज एकाचे बारा झाले, तेही उग्र. विद्यार्थ्यांच्या दूरचित्रवाणीवर आपण बातम्या देतो असे तिने सांगितले, ते खरेच होते. कागदावर मात्र नोंद झाली की रुग्णाला आपण वृत्तनिवेदिका असल्याचा भ्रम आहे! एका तज्ज्ञाने तर तुला कर्करोग झाला असता तर बरे, तो बरा करणे सोपे, असे तिला ऐकवले. आईने आशा सोडली नाही. पॅट ब्रॅकन नावाच्या डॉक्टरांनी तिचे ऐकून घेतले. हळूहळू तिच्या ध्यानात आले की आपल्याला राग येतो पण तो गिळतो, तेव्हा आवाज चिडतो. ती मानसशास्त्रातली सर्वोच्च श्रेणी घेऊन उत्तीर्ण झाली, पीएचडी झाली, आणि 2013 मध्ये तिने अमेरिकेत केलेले भाषण जगभर लाखोंनी ऐकले. मानसोपचारात विचारायचे ते तुझे काय बिघडले आहे हे नव्हे, तर तुझ्या बाबतीत काय घडले आहे, हा तिचा मुद्दा आता पुष्कळांच्या तोंडी आहे. जॅकी डिलन यांचेही नाव घेतले पाहिजे. बालपणीच्या अत्याचारातून उठून त्यांनी इंग्लंडच्या संघटनेचे अध्यक्षपद सांभाळले. रोमे, एशर आणि त्यांच्यासह इतरांनी बरे झालेल्या 50 जणांच्या कथांचा संग्रह 2009 मध्ये संपादित केला. त्याच वर्षी मास्ट्रिख्टला या मंडळींचे पहिले जागतिक संमेलन भरले.

आता दुसरी बाजू. पुष्कळ मनोविकारतज्ज्ञांना हे सारे पटत नाही, आणि त्यांचे सगळेच म्हणणे टाकाऊ नाही. प्रत्येक आवाजामागे आघात असतोच असे नाही. कधी तो तापात येतो, कधी दारूच्या उतारात, कधी म्हातारपणी कान गेल्यावर. आघातच शोधत बसलो तर निरपराध आईबाप आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात, हा धोका चळवळीतल्या काहींनी पुरेसा ओळखलेला नाही असे मला वाटते. औषधांनी ज्यांचे आयुष्य सावरले आहे त्यांनी ती मनाने एकाएकी सोडणे तर जीवघेणे ठरू शकते, आणि आवाज मरायला वा मारायला सांगत असतील तर डॉक्टर गाठण्यात एक दिवसही घालवू नये. गटही हेच सांगतात. त्यांचा हट्ट वेगळा आहे : गोळी घ्या वा न घ्या, पण माणसाला बोलू द्या.

आपल्या देशाशी याचा एक धागा आहे. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुर्मन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानातले अक्रा आणि आपले चेन्नई इथे प्रत्येकी वीस, अशा साठ जणांना त्यांच्या आवाजांविषयी विचारले. निदान सर्वांचे सारखेच, गंभीर मनोविकाराचे. अमेरिकेतल्यांचे आवाज बहुधा अनोळखी आणि हिंसक. अक्रातल्या अनेकांना देव बोलत असे. आणि चेन्नईतल्या पुष्कळांना ऐकू येत नातलग : आई, सासू, बहीण. रागावणारे, पण घरचे, अंघोळ कर, स्वयंपाकाला लाग असे सांगणारे. आजारातसुद्धा माणूस आपल्या घराची भाषा ऐकतो, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो.

म्हणून आपल्याकडे सारे गोडच आहे असे मात्र कोणी समजू नये. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे एका खासगी आसऱ्याला आग लागली आणि 28 माणसे जळून गेली. ती पळू शकली नाहीत, कारण त्यांना साखळ्यांनी बांधले होते. श्रद्धेच्या जागेजवळ, नातलगांनीच आणून सोडलेली माणसे. संतांच्या स्वप्नदृष्टान्तांशी या दुःखाची तुलना मी करत नाही, ती दोन्हींवर अन्याय करील. पण बहिणाबाईंना तुकोबांचे दर्शन स्वप्नात झाले तेव्हा घरातून त्यांना काय सोसावे लागले, ते वारकऱ्याला ठाऊक आहे.

पुण्यात भार्गवी दावर यांनी 1999 मध्ये बापू ट्रस्ट ही संस्था काढली. त्यांच्या आई आध्यात्मिक ओढीच्या. त्यांना मनोरुग्णालयात डांबले गेले, आणि त्या भिंतींच्या आतले जग मुलीने लहान वयात पाहिले. पुढे त्या तत्त्वज्ञान शिकल्या, भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर ग्रंथ लिहिला, महाराष्ट्रातल्या दर्ग्यांत दुखणाईत माणसांना काय मिळते याचा सहकाऱ्यांसह अभ्यास केला. पुण्यातल्या गरीब वस्त्यांत संस्थेचा 'सेहेर' हा उपक्रम चालतो. कार्यकर्ते दारोदार जातात, बसतात, ऐकतात, जेवणाखाण्याची चौकशी करतात, शेजाऱ्यांना सोबतीला जोडतात. कुलूप नाही, साखळी नाही. भार्गवीताई 2024 मध्ये गेल्या. बापू हे त्यांच्या आईचे नाव.